सोलापुरातलं सलून टक्क्यांवर कसं चालवावं: बाजाराचे ठोकताळे आणि आपली वही

"भाडं विक्रीच्या दहा टक्क्यांवर जाऊ देऊ नका. पगार आणि कमिशन मिळून चाळीस ते पन्नास टक्के. कामाला लागणारा माल दहा टक्क्यांच्या आत. शॅम्पू-सिरमची विक्री एकूण धंद्याच्या दहा-पंधरा टक्के." कलर कंपनीच्या सेमिनारला जाऊन आलेल्या प्रत्येक सलूनमालकानं हे ऐकलेलं असतं. हे ठोकताळे खोटे नाहीत. परदेशातले सलून-सल्लागार वर्षानुवर्षं साधारण हेच सांगत आलेत. पण विजापूर रोडवरच्या चार खुर्च्यांच्या सलूनला ते जसेच्या तसे लावले की दोनपैकी एक होतं. मालक घाबरून कारागिराची टक्केवारी कापायला निघतो, नाहीतर "आपल्याकडं हे चालत नाही" म्हणून कागद बाजूला टाकतो. दोन्हीकडून नुकसान त्याचंच.

मी छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो, त्यात सलूनवालेही आहेत. माझं मत असं, की बाहेरच्या आकड्याचा उपयोग एवढाच, की आपल्या वहीत बोट नेमकं कुठं ठेवायचं ते कळतं. पुढचं काम वहीच करते. त्यामुळं सुरुवात वहीपासून.

आधी आपली वही सरळ करा

दोन महिने प्रत्येक गिऱ्हाइकामागं एक ओळ लिहायची: तारीख, आल्याची वेळ, मोबाईल नंबर, काय काम केलं, कोणत्या कारागिरानं केलं, किती मिनिटं लागली, किती रुपये, रोख की यूपीआय. सॉफ्टवेअर असेल तर उत्तम, नसेल तर रेघांची वही चालते. मिनिटं लिहायचा कारागिरांना कंटाळा येतो. पण मिनिटांशिवाय पुढचा निम्मा हिशेब होत नाही, म्हणून हे एक सोडू नका.

मग तीन गळत्या बुजवायच्या. पहिली गल्ल्याची. चहा, कारागिराचा डबा, घरची भाजी, पोराच्या शाळेची व्हॅन, सगळं गल्ल्यातून जातं आणि रात्री उरलेले पैसे म्हणजे "आजचा धंदा" होतो. विक्री वेगळी लिहा, गल्ल्यातून काढलेलं वेगळं लिहा. दुसरी उधारीची आणि पॅकेजची. काम ज्या दिवशी झालं त्या दिवशी विक्री धरायची, पैसे कधीही येवोत. दिवाळीत सहा फेशियलचं पॅकेज विकलं आणि सगळे पैसे ऑक्टोबरात धरले, तर ऑक्टोबर फुगतो आणि पुढचे पाच महिने फुकटात राबल्यासारखे दिसतात. तिसरी यूपीआयची. क्यूआर कोड मालकाच्या घरखात्याला जोडलेला असेल तर आधी धंद्याचं वेगळं खातं काढा.

आता जीएसटी. सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते. महिन्याला पावणेदोन लाखांच्या आसपास धंदा असेल तर तुम्ही त्या रेषेवरच आहात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवांवरचा दर १८ वरून ५ टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर वजा करून घ्यायची सोय, गेलं. तुलनेसाठी याचे दोन अर्थ आहेत. एक, विक्री नेहमी जीएसटी वजा करून धरायची. दोन, त्याआधीच्या भारतीय आकड्यांत मालाचा खर्च क्रेडिट वजा करून धरलेला असू शकतो. आता सेवेसाठी घेतलेल्या मालावर आणि भाड्यावर भरलेला कर तुमच्या खर्चातच बसतो. मालाची टक्केवारी जुन्या कागदाशी ताडून "माल चोरीला जातोय की काय" असा संशय घेण्याआधी हे बघा. विक्रीच्या बाटल्यांचा जीएसटी कसा धरायचा ते सीएला विचारून घ्या, तिथं हिशेब वेगळा पडतो.

शेवटचा मुद्दा जरा कडू आहे. मालक स्वतः खुर्चीवर उभा राहतो आणि स्वतःचा पगार धरत नाही. भाऊ मदतीला असतो, बायको लेडीज सेक्शन सांभाळते, दोघांचा पगार शून्य. गाळा वडिलोपार्जित, भाडं शून्य. असा हिशेब कुणाशीच ताडता येत नाही. घरचा माणूस उद्या आला नाही तर त्याच्या जागी ठेवलेल्या कारागिराला जे द्यावं लागेल, ते कागदावर त्याचा पगार म्हणून लिहा. शेजारचा तसाच गाळा जेवढ्याला जातो, ते भाडं म्हणून लिहा. काही सलूनांचा नफा हे केल्यावर नाहीसा होतो. तो नफा नव्हताच, घराची मजुरी होती.

एक नमुना

पुढच्या सगळ्या हिशेबासाठी एक कल्पित सलून घेऊ. जुळे सोलापूर, चार खुर्च्या, युनिसेक्स, तीन कारागीर, एक मदतनीस, मालक स्वतः काम करतो. आकडे समजावण्यापुरते आहेत, ते कुणाचे ठोकताळे नव्हेत.

महिन्याची विक्री जीएसटी सोडून २,४०,००० रुपये. त्यात सेवा २,२५,००० आणि बाटल्या-डबे १५,०००. खर्च असा: कारागीर-मदतनीस ७८,०००, मालकाचा कागदोपत्री पगार २५,०००, भाडं २२,०००, सेवेसाठीचा माल ३६,०००, विकलेल्या बाटल्यांची खरेदी १०,०००, वीज ९,५००, पाणी ३,०००, टॉवेल-धुलाई-फोन-जाहिरात-चहा १४,५००, खुर्च्या-यंत्रांची झीज ७,०००. एकूण २,०५,०००. उरले ३५,०००, म्हणजे साडेचौदा टक्के. मालकाचा पगार धरला नसता तर हेच २५ टक्के दिसलं असतं.

टक्के काढू. पगार १,०३,००० भागिले २,४०,०००, म्हणजे ४३. भाडं ९. वीज ४. पाणी सव्वा टक्का. बाटल्यांची विक्री ६. आणि माल, जो सेवेच्याच विक्रीवर काढायचा, १६. ठोकताळ्यात माल दहाच्या आत, इथं सोळा. बाटल्या दहा-पंधरा हव्यात, इथं सहा. बोट ठेवायला दोन जागा सापडल्या.

तुलना कुणाशी करायची

प्रत्येक आकड्यामागं तो गोळा करणाऱ्याचा हेतू असतो. तो ओळखला की आकडा कितपत धरायचा ते समजतं.

सलूनचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या आपल्या ग्राहकांच्या माहितीवरून अहवाल काढतात. पण त्यांचे ग्राहक म्हणजे अपॉइंटमेंटवर चालणारी, बऱ्यापैकी मोठी सलून. "बसा, दोन नंबर आहेत तुमच्या आधी" असं सांगणारं सलून त्या माहितीत जवळजवळ नसतंच. फ्रँचायझी विकणाऱ्यांच्या पत्रकातले आकडे हे फ्रँचायझी विकण्यासाठी असतात, यापेक्षा जास्त सांगायला नको. मोठ्या साखळ्या चालवणाऱ्या कंपन्यांचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर थोड्या शुल्कात बघता येतात. मात्र साखळीची बरीच दुकानं फ्रँचायझीची असतील तर कंपनीच्या वहीत येते ती रॉयल्टी, दुकानाचा गल्ला नव्हे. ते टक्के तुमच्या उपयोगाचे नाहीत.

मला त्यातल्या त्यात आवडतो तो ऑस्ट्रेलियाच्या कर खात्याचा संच. ते खातं छोट्या धंद्यांसाठी असे आकडे फुकट प्रसिद्ध करतं, त्यात केशकर्तनाचा वेगळा तक्ता आहे. उलाढालीच्या गटांप्रमाणे माल, मजुरी, भाडं यांचे टक्के दिलेले असतात, आणि एक आकडा न देता "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असा पट्टा देतात. त्यांचा हेतू उत्पन्न लपवणारा शोधण्याचा आहे, आपला नाही. पण लहान दुकानाची तुलना लहान दुकानाशी आणि एका आकड्याऐवजी पट्टा, या दोन सवयी तिथून उचलाव्यात. टक्के तिथले घेऊ नका. तिथली मजुरी आणि इथली मजुरी यांचा मेळ नाही.

आपल्याकडं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय असंघटित उद्योगांची वार्षिक पाहणी करतं. २०२३-२४ च्या पाहणीत दर कामगारामागं वर्षाचं मूल्यवर्धन दीड लाखाच्या आसपास आलं. हा आकडा सगळ्या लहान उद्योगांचा मिळून आहे, फक्त सलूनचा नाही. तरी तळ म्हणून तो कामाला येतो. आपल्या विक्रीतून माल, वीज, पाणी आणि इतर किरकोळ खरेदी वजा करा, काम करणाऱ्या माणसांनी भागा, बाराने गुणा. नमुन्यातल्या सलूनचं दर माणशी चार लाखांच्या आसपास येतं. तुमचं दीड लाखाच्या खाली असेल तर टक्क्यांच्या बारकाव्यात शिरू नका. गिऱ्हाईक कमी आहे किंवा माणसं जास्त आहेत, आधी ते निस्तरा.

कुणी म्हणेल, आयकराच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रोखीच्या उलाढालीवर ८ आणि डिजिटलवर ६ टक्के नफा धरतात, तोच सरकारी ठोकताळा की! तो कर भरण्याच्या सोयीसाठी आहे. धंद्याचं आरोग्य त्यावरून मोजू नका.

दरांसाठी मात्र बाहेर बघायचं कारणच नाही. नाभिक संघटनेचं दरपत्रक आणि तुमच्या अर्ध्या किलोमीटरमधल्या सलूनांच्या भिंतीवरचे दर एवढं पुरतं. नवी पेठेतल्या दराशी अक्कलकोट रोडचा दर ताडू नका, गिऱ्हाईकच वेगळं.

मालाचे सोळा टक्के: घोळ कुठं आहे

इथं थोडं थांबू, कारण युनिसेक्स सलूनमध्ये सगळ्यात जास्त पैसा इथंच दडलेला असतो.

कलरची ट्यूब मुंबईत जेवढ्याला मिळते तेवढ्यालाच सोलापुरात. केस सरळ-मऊ करणाऱ्या केराटिनच्या बाटलीचंही तसंच. पण त्याच कामाचा दर मुंबईच्या निम्मा किंवा त्याहून कमी. म्हणजे मालाचा टक्का आपल्याकडं मुळातच जास्त येणार, आणि त्याच कारणानं भाड्याचा कमी. म्हणून दहा टक्के गाठायचा हट्ट चुकीचा. सोळातले किती टक्के शहरामुळं आणि किती हातामुळं, हे वेगळं काढायचं.

ते वेगळं काढायला स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणा. काहीशे रुपयांत येतो. दोन आठवडे फक्त कलरचं काम तोलायचं. बाऊल रिकामा ठेवून काटा शून्यावर, मग ट्यूब, मग डेव्हलपर, म्हणजे कलरमध्ये कालवायचं द्रावण. बऱ्याच क्रीम कलरचं प्रमाण १ ला १.५ असतं. मुळांच्या टचअपला ३० ग्रॅम कलर आणि ४५ ग्रॅम डेव्हलपर, एकूण ७५. काम झालं की बाऊल परत काट्यावर. उरलं २० ग्रॅम, तर सव्वीस-सत्तावीस टक्के माल थेट बेसिनमध्ये.

हे पहिल्यांदा केलं तेव्हा एका सलूनमधला जुना कारागीर मालकावर चिडला होता. "मालक, उरलेलं फेकू नको तर काय पावाला लावू? मधेच कमी पडलं तर पॅच दिसतो, मग बाई तुमच्याशी भांडणार का माझ्याशी?" त्याचं बरोबर होतं. त्यामुळं उपाय असा निघाला की आधी कमीच कालवायचं आणि काटा ट्रॉलीवरच ठेवायचा. लागलं तर त्याच प्रमाणात दहा ग्रॅम पुन्हा कालवायला मिनिटही लागत नाही. शिवाय प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या नावापुढं मागच्या वेळी खरोखर किती लागलं ते लिहायचं. "पाटील मॅडम, मुळं, शेड ४, २२ ग्रॅम." पुढच्या वेळी अंदाज बांधायची गरज नाही.

नमुन्यात ट्यूबचा भाव ग्रॅमला ५ रुपये धरा. एका टचअपला कलर १५० आणि डेव्हलपरचे १८, असा १६८ रुपयांचा माल. त्यातले साधारण ४५ वाया. महिन्याला साठ टचअप असतील तर २,७०० रुपये, म्हणजे सेवेच्या विक्रीच्या सव्वा टक्का. ग्लोबल कलर (सगळ्या केसांचा) आणि केराटिनमध्ये ग्रॅम जास्त, म्हणून गळतीही जास्त. सोळावरून तेराला येणं हाताच्या शिस्तीनं शक्य आहे. तेराचे दहा करायला निघालात तर शेवटी स्वस्तातली ट्यूब आणाल, आणि गिऱ्हाइकाला ते दुसऱ्या धुण्यात कळेल.

सोलापूरचा आणखी एक खास खर्च म्हणजे पाणी. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, मधल्या काळात बोअर नाहीतर टँकर. बोअरचं पाणी जड असेल तर शॅम्पूला फेस येत नाही, कारागीर दोनदा-तीनदा पंप मारतो, आणि तो खर्च मालाच्या खात्यात चढतो. शॅम्पूचा खप अवास्तव दिसला तर चोर शोधण्याआधी टाकीतल्या पाण्याची साबणानं परीक्षा करा. बॅकवॉशपुरता, म्हणजे केस धुण्याच्या बेसिनपुरता, पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवायचा की नाही, हे दोन महिन्यांच्या शॅम्पूच्या बिलावरून ठरवता येतं. टॉवेलच्या खर्चाची मात्र परदेशी तक्त्यांशी तुलना करूच नका. टॉवेल ही आपल्या गावचीच वस्तू आहे.

कमिशन: कापण्याआधी पाया बदला

पगाराचे ४३ टक्के ठोकताळ्यात बसतात, म्हणून पुढं जायचं का? नाही. कारण एकूण टक्का बरोबर असूनही एखादं काम आतबट्ट्याचं असू शकतं.

समजा कारागीर निम्म्या कमिशनवर आहे. ४,००० रुपयांचं केराटिन झालं, माल ११०० चा लागला. कारागिराला २,०००. मालकाच्या हाती ९००, त्यातून भाडं, वीज, पाणी. हेच मालाचे ११०० आधी वजा करून उरलेल्या २,९०० चे निम्मे केले तर दोघांना १,४५०. पुरुषांच्या कटिंगला हा प्रश्न येत नाही, तिथं माल नगण्य. निम्म्याची पद्धत दाढी-कटिंगच्या काळातली आहे आणि त्या कामांना ती आजही रास्त आहे. ती केमिकलच्या कामांना तशीच चिकटली, तिथं घोळ झाला.

पण चालू कारागिराला उद्यापासून नवा पाया लावलात तर तो परवा समोरच्या दुकानात उभा दिसेल, आणि त्याच्या मागोमाग त्याची गिऱ्हाइकंही. नव्या सेवेपासून किंवा नव्या माणसापासून हा नियम लावा. जुन्याला हिशेब कागदावर दाखवा, आणि मालाची बचत झाली तर त्यातला वाटा त्यालाही द्या. वजनकाटा मग आपोआप वापरला जातो.

खुर्ची किती तास विकली गेली

परदेशी तक्त्यांत कारागिराच्या उपलब्ध वेळेपैकी ७५ ते ८५ टक्के वेळ कामात जावा असं सांगतात. नमुन्यात चार हात, दहा तास, २६ दिवस, म्हणजे १,०४० तास. वहीतल्या मिनिटांची बेरीज ५२० तास. निम्मेच. हे बघून एक कारागीर कमी करायचा विचार येतो. थांबा.

तासाप्रमाणे फोड करा. रविवारी सकाळी आठ ते दोन चारही खुर्च्या भरलेल्या आणि बाकावर पाच जण. बुधवारी दुपारी दीड ते साडेचार, विशेषतः एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं असताना, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. सरासरी ५० दाखवते. प्रत्यक्षात काही तास शंभर आणि काही तास दहा असतात. एक माणूस कमी केला तर दुपार तशीच राहील आणि रविवारचं गिऱ्हाईक निघून जाईल.

म्हणून सोलापुरात उपयोगाचा आकडा असा: गर्दीच्या तासांत परत गेलेली माणसं किती? दारातून डोकावून "गर्दी आहे" म्हणून गेलेल्या प्रत्येकामागं काउंटरवर एक रेघ मारा. चार रविवार रेघा मोजा. पंधरा-वीस निघाल्या तर रविवारपुरता जादा हात बघा, किंवा नेहमीच्यांना शुक्रवारी फोन करून वेळ ठरवून द्या. दुपारसाठी लांबणारी कामं, म्हणजे केराटिन, ग्लोबल कलर, नवरीची ट्रायल, तिकडं वळवा. एसीतले साडेतीन तास मे महिन्यात कुणालाही आवडतात. आजूबाजूच्या कारखान्यांची आठवडी सुट्टी आणि पगाराचा वार कोणता, तेही वहीशी ताडून बघा. अशोक चौकाच्या बाजूचं सलून आणि जुळे सोलापूरचं सलून यांची गर्दी वेगवेगळ्या दिवशी असते.

तासाचा भावही काढून ठेवा. १०० रुपयांची कटिंग २५ मिनिटांत, म्हणजे तासाला २४०. केराटिनचे माल वजा जाता २,९०० साडेतीन तासांत, म्हणजे तासाला ८३० च्या जवळ. रविवारी सकाळी केराटिन घेतलं तर ती खुर्ची अडकते हे खरं, पण कटिंगपेक्षा तिप्पट कमावतेही. मग घ्यावं का? कटिंगवाले आठ जण परत जाणार असतील तर घेऊ नका. ते आठ जण महिन्या-महिन्याला येणारे आहेत.

बाटल्या, भाडं, वीज

बाटल्यांची विक्री सहा टक्के आहे, ती पंधरा करण्याच्या मागं लागू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तेच सिरम गिऱ्हाइकाला मोबाईलवर सवलतीत दिसतं. केराटिननंतर लागणारा शॅम्पू तेवढा आग्रहानं द्या, बाकी सोडा. भाडं नऊ टक्के ठीक. करार संपत आला असेल तर नवं भाडं विक्रीच्या किती टक्के पडेल ते काढूनच घरमालकाकडं जा. विजेला चार टक्के उन्हाळ्यात सहाही होतील, एसीच्या सर्व्हिसिंगची तारीख बघा.

परत येणारं गिऱ्हाईक

तीन महिन्यांपूर्वीच्या एका महिन्यातली पहिल्यांदा आलेली पन्नास नावं काढा. त्यातली किती पुन्हा आली? बाहेरचे ठोकताळे सांगतात, नव्यांपैकी तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के परत येतात, जुन्यांपैकी सत्तरच्या आसपास. पण मुदत कामाप्रमाणे ठरवा. पुरुषांची कटिंग तीन ते पाच आठवडे, मुळांचा टचअप चार ते सहा, बायकांचा कट दोन-तीन महिने. तीन महिने उलटूनही कटिंगवाला आला नाही तर तो गेला. बाई अजून यायची असेल.

आपल्या वहीत एक गोम असते. एकाच मोबाईल नंबरवर बाप, दोन पोरं आणि आजोबा येतात. नंबरावरून मोजलं तर "हा माणूस महिन्यातून चारदा येतो" असं दिसतं आणि टक्का फुगतो. नंबरासोबत नातं लिहा. आणि ज्या कारागिराची नवी गिऱ्हाइकं परत येत नाहीत, त्याला रागवण्याआधी त्याच्या वाट्याला रविवारच्या गर्दीतली घाईची कामंच येतात का, ते बघा.

महिने पंचांगानं जुळवा

बाहेरच्या कुठल्याही तक्त्यात हे सापडणार नाही, आणि सोलापुरातल्या सलूनला सगळ्यात जास्त फसवतं तेही हेच. मागच्या वर्षीच्या ऑगस्टशी या वर्षीचा ऑगस्ट ताडायचा नाही.

श्रावणात दाढी-कटिंग टाळणारे आपल्याकडं पुष्कळ. २०२४ चा श्रावण ५ ऑगस्टला सुरू झाला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालला. २०२५ चा २५ जुलैला सुरू होऊन २३ ऑगस्टला संपला, लगेच २७ ला गणपती बसले. म्हणजे २०२५ च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा गर्दीचा, तर २०२४ चा तोच आठवडा थंड. कागदावर "ऑगस्ट वाढला" दिसेल आणि मालक नव्या जाहिरातीला श्रेय देईल. २०२६ मध्ये श्रावण १३ ऑगस्टला लागतो आणि ११ सप्टेंबरला संपतो, मग २०२६ च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा पडलेला दिसेल.

अधिक महिना आला की लग्नांचं काम हलतं. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ. नवरीचे मेकअप, हळदीच्या आधीची फेशियल, वऱ्हाडाचे कलर, सगळं त्याच्या अलीकडं-पलीकडं सरकणार. २०२५ च्या मेशी २०२६ चा मे जुळवून कारागिरावर ठपका ठेवणं अन्यायाचं होईल. पितृपक्षही असाच सरकतो.

गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा, मात्र याला अपवाद. ती संक्रांतीवर चालते आणि संक्रांत सूर्यावर, म्हणून दर वर्षी जानेवारीच्या मध्यावरच. यात्रेचा पांढरा पोशाख, बाराबंदी, चढवायच्या आधी कटिंगला येणारी मंडळी आणि यात्रेला गावाकडून आलेले पाहुणे, ही गर्दी इंग्रजी तारखांनीच जुळते. जानेवारी हा वर्षावर्षांची तुलना करायला सगळ्यात प्रामाणिक महिना.

करायचं असं: मागच्या वर्षीची विक्री आठवड्यांत तोडा, प्रत्येक आठवड्यापुढं मराठी महिना आणि पक्ष लिहा, आणि या वर्षीचा तोच पक्ष समोर ठेवा. कालनिर्णय भिंतीवर आहेच.

एका वेळी एकच जागा

नमुन्यातल्या सलूनला माल, कमिशनचा पाया आणि रविवारची गर्दी अशा तीन जागा सापडल्या. तिन्हीला एकदम हात घालू नका, काय कशामुळं बदललं ते कळत नाही. आधी वजनकाटा, दोन महिने. मालाचा टक्का दर आठवड्याला भिंतीवर लावा. आकडा हलला नाही तर कारण शोधा: काटा वापरला जात नाही, की कलरचं काम वाढल्यानं टक्का वर गेला? दुसरं असेल तर काळजी नाही, काम वाढलंय. त्यानंतर रविवार. कमिशन सगळ्यात शेवटी, आणि दिवाळीच्या तोंडावर तर अजिबात नाही.

आपल्या शहराचा ठोकताळा

सोलापूरच्या सलूनांचा खरा तक्ता कुणी काढलेला नाही, तो तुम्हीच काढायचा. वेगवेगळ्या भागांतले, एकमेकांचं गिऱ्हाईक न ओढणारे पाच-सहा मालक जमवा: एक होटगी रोडचा, एक साखर पेठेतला, एक सात रस्त्याचा, असे. प्रत्येकानं नाव न घालता चिठ्ठीवर फक्त टक्के लिहायचे: पगार, भाडं, माल, वीज-पाणी, नफा. मालकाचा पगार धरूनच. रुपये लिहायचे नाहीत, मग कुणाला लाजही नाही आणि कुणाला हेवाही नाही. सरासरी काढू नका, एका मोठ्या सलूननं ती बिघडते. आकडे चढत्या क्रमानं लावा आणि मधला उचला. सगळ्यात खालचा आणि वरचा हाही लिहून ठेवा, तोच तुमचा पट्टा. दर ठरवायचा विषय या बैठकीत काढू नका, त्यानं भांडणं होतात आणि कायद्याचाही अडथळा येतो.

पहिली बैठक श्रावणात ठेवा, दुपारच्या वेळी. खुर्च्या तशाही रिकाम्या असतात, आणि मे-जूनच्या लग्नांचा हिशेब वहीत ताजा असतो.